देव झोपले की माझा सीझन: लग्नाच्या ड्रोनवरून फवारणीच्या ड्रोनवर

लग्नाच्या धंद्यातल्या माणसाला आषाढी एकादशी जवळ आली की पोटात गोळा येतो. बाकीचं जग विठ्ठल विठ्ठल करत असतं आणि आम्ही हप्त्यांच्या तारखा बघत असतो, कारण देव झोपले की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. आजकाल काढीव मुहूर्त निघतात म्हणा, पण त्यावर घर चालत नाही. मी पुण्यात धायरीत राहतो, बारा वर्षं लग्नं शूट करतोय, त्यातली शेवटची पाच-सहा ड्रोनवाला म्हणून. डीपी रोडच्या लॉन्सवर नवरा-नवरी स्टेजकडे चालत येतात आणि वरून सगळी गर्दी दिसते ना, तो शॉट घेणारा, कोपऱ्यात मान वर करून उभा असलेला माणूस म्हणजे मी. माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा. अडीचशेच्या वर गेला असता तर नियम बदलले असते म्हणून कंपनीनेच तो तेवढा बनवलाय.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात उरुळी कांचनच्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्यांच्या शेतकरी कंपनीने फवारणीचा ड्रोन घेतला होता, गटाला चाळीस टक्के अनुदान मिळतं त्यातून, आणि त्यांचा पायलट पोरगा ऐन पेरणीच्या तोंडावर सोडून गेला. म्हणे, तू उडवतोसच की, ये. मी पण लगेच हो म्हणून बसलो. चातुर्मासात माझे कॅमेरे कपाटात आणि खरीपाची फवारणी नेमकी त्याच चार महिन्यांत, असं जुळून आलेलं गणित कोण सोडणार. बायको म्हणाली, "अहो, ते पंचवीस किलोचं आहे, नीट विचार करा." नंतर कळलं की ती बरोबर बोलत होती. सायकल येते म्हणून एसटीच्या स्टिअरिंगवर बसण्यातला प्रकार होता तो.

पहिली गोष्ट म्हणजे लायसन. आता त्याला सर्टिफिकेट म्हणतात, रिमोट पायलट सर्टिफिकेट, आणि ते डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेतूनच घ्यावं लागतं. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, बस. आधी पासपोर्ट पण लागायचा, २०२३ मध्ये ती अट काढली, नाहीतर खेड्यातली निम्मी पोरं तिथंच अडकायची. माझ्या बॅचमध्ये अकरा जण होतो, त्यातले दोन इंजिनियर, एक कीटकनाशकाच्या दुकानाचा मालक, बचत गटाच्या तीन ताया, बाकी पंचविशीच्या आतली पोरं. मला वाटत होतं मी यांच्यात उस्ताद. सिम्युलेटरवर पहिल्याच दिवशी कळलं.

लग्नाच्या ड्रोनला जीपीएस असतो, हात सोडला की तो हवेत खिळा ठोकल्यासारखा थांबतो. इथं सर जीपीएस बंद करून द्यायचे आणि म्हणायचे, चौकोन काढा. वाऱ्याबरोबर ड्रोन घरंगळत जायचा आणि नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, मग बोटं एक करतात आणि डोकं दुसरं. बचत गटाच्या त्या तिघींतल्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी आठचा आकडा एकदम गोल काढला. मी विचारलं कसं जमलं, तर म्हणाल्या, "दादा, तुम्ही ड्रोनकडे बघताय, मी वाऱ्याकडे बघतेय." रांगोळीचा हात असेल म्हटलं मी गमतीत. पण ते वाक्य पुढे लई महागात आठवलं, ते सांगतो नंतर.

थिअरीत नियम भरपूर होते. हिरवा, पिवळा आणि लाल असे आकाशाचे तुकडे, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं, विमानतळाभोवती वेगळा हिशोब. पुणेकरांना लोहगावचं विमानतळ आणि एनडीए ही लष्करी अकादमी दोन्ही बाजूंनी आहेतच त्यामुळे नकाशा उघडल्याशिवाय काहीच नाही. वजनाचे पण गट आहेत, २५ किलोच्या आतला 'स्मॉल', त्याच्यावर 'मीडियम', म्हणून शेतीचे बरेचसे ड्रोन टाकी भरून २५ ला टेकतात न टेकतात असे बनवलेले असतात. परीक्षा झाली, पास झालो, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

एका दुपारी सरांनी खरे विमानवाले दाखवले. हवेतून फवारणीचा जन्मच विमानातून झाला, १९२१ मध्ये अमेरिकेत ओहायोत एका झाडांच्या राईवर अळी पडली होती तेव्हा लष्कराच्या पायलटने विमानातून विषारी पावडर सोडली. अजूनही तिकडं माणसं पिकाच्या डोक्यावरून दहा-बारा फुटांवरून विमान नेतात, शेताच्या टोकाला तारा आल्या की वर उचलून पुन्हा वळून खाली. बघूनच हाताला घाम आला. आपल्याकडे ते का नाही असं एका पोराने विचारलं तर दुकानवाले मालकच म्हणाले, "अरे, विमान वळायच्या आत तीन भावांची वाटणी संपते." खरंय, आमच्याकडे एका माणसाचे तीस गुंठे इथं, वीस तिथं, मध्ये बाभळ, विहीर, विजेची डीपी आणि मोटारीच्या लोंबत्या तारा. आपल्याकडे या कामाला ड्रोनच. २०२० ला टोळधाड आली तेव्हा सरकारने राजस्थानात ड्रोन वापरले होते, तिथून पुढं हे सगळं सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

कामाचा पहिलाच आठवडा आणि सोलापूर रोडला तुकोबांची पालखी. छोटा हत्ती टेम्पो घेऊन मी आणि मदतनीस पोरगा पहाटे निघालो आणि लोणीच्या पुढं जाऊन अडकलो ते अडकलोच. शेवटी गाडी बाजूला लावून वारकऱ्यांबरोबर चालत यवतला गेलो आणि पिठलं-भाकरी खाल्ली, तिथं गावाची ती प्रथाच आहे पालखीला. हातात रिमोटची पेटी बघून एक माऊली म्हणाल्या, "हार्मोनियम का रे बाळा?" त्या दिवशी एकर शून्य. पण पोट भरलं.

पहिलं खरं शेत बाजरीचं, लष्करी अळी. मालक तात्या, सत्तरीचे, टोपी, बांधावर उकिडवे बसलेले. ड्रोन खाली उतरवला, सहा हात उघडले, तात्यांनी तोंड उघडलं नाही. मग कंपास कॅलिब्रेट करायचा होता, त्यात काय असतं की ड्रोन दोघांनी उचलून गोल फिरवावा लागतो, एकदा आडवा आणि एकदा नाक खाली करून. मी आणि पोरगा त्याला धरून गोल फिरतोय, तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलले, "फेरे झाले का? सोडा आता एकदाचा."

टाकी दहा लिटरची. ते बघून तात्यांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं साधं होतं, पाठीवरच्या पंपाने एकराला दहा-बारा पंप लागतात, म्हणजे दीडशे ते दोनशे लिटर पाणी, आणि तुम्ही दहा लिटरमध्ये एकर भिजवणार? सहाशे रुपये घेऊन? आठ मिनिटांत ड्रोन परत आला आणि तात्या शेतात शिरले, पानं हाताने चोळून बघितली, म्हणाले कोरडी आहेत. आता थेंबच इतका बारीक असतो की डोळ्याला ओल दिसत नाही, हे त्यांना सांगून पटणार कसं. क्लासमध्ये एक पिवळा कागद दिला होता, पाण्याचा थेंब पडला की तिथं निळा ठिपका उठतो. पुढच्या पट्ट्यात तसे चार कागद बाजरीच्या पानांना लावले, एक मुद्दाम खालच्या पानाच्या पालथ्या बाजूला. पंख्यांचा वारा खाली दाबतो तेव्हा पीक घुसळून निघतं आणि पानं उलटी होतात, त्यामुळे खालच्या कागदावर पण ठिपके आले, वरच्यापेक्षा कमी पण आले. तात्यांनी तो पिवळा कागद उन्हात धरून बराच वेळ बघितला. "हळद लावलेली पत्रिका वाटती," म्हणाले आणि खिशात घातला. पैसे तीन दिवसांनी अळी मेलेली बघून दिले, ते वेगळं.

या दहा लिटरच्या भानगडीत एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. एकराला औषध तेवढंच जातं, पाणी कमी झालंय. म्हणजे टाकीतलं मिश्रण पंपापेक्षा पंधरा-वीस पट कडक. ड्रोन आल्यामुळे माणूस फवाऱ्याखाली चालत नाही हे खूप मोठं आहे, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली ते कोण विसरेल. पण जो पोरगा बॅरलजवळ बसून मिश्रण कालवतो त्याच्या हातात आता आधीपेक्षा जास्त जहाल माल आहे आणि तो दिवसातून वीस वेळा टाकी भरतो. आमच्या पोराने पहिल्या दिवशी काठी सापडेना म्हणून हाताने ढवळायला घेतलं, मी ओरडलो, तर म्हणतो, "दादा, घरी पण असंच करतो." त्या दिवसापासून जाड हातमोजे, चष्मा, मास्क घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असं ठेवलंय. उकडतं, शिव्या घालतो, पण घालतो.

कडक मिश्रणाचा दुसरा ताप म्हणजे फाटणं. शेतकरी चार गोष्टी एकत्र मारायला देतात, बुरशीनाशक, कीटकनाशक, वर टॉनिक, वर आणखी दुकानदाराने फुकट दिलेलं काहीतरी. दोनशे लिटरमध्ये ते खपून जातं, दहा लिटरमध्ये त्याचं दही होतं. एकदा मका मारताना नोझल बंद पडले, उघडून बघितलं तर आत पनीर. अर्धा दिवस नोझल दात घासायच्या ब्रशने धुण्यात गेला. आता आधी काचेच्या बरणीत थोडंसं कालवून वीस मिनिटं ठेवतो, थर बसला किंवा गुठळी झाली तर सरळ नाही म्हणतो. पावडर आधी, तेलकट औषध सगळ्यात शेवटी, आणि टाकीत ओतताना जुन्या साडीचं दुपदरी फडकं. आईची पैठणी सोडून घरातल्या सगळ्या साड्या संपल्या यात.

दिवस कसा जातो ते सांगतो. धायरीतून चारला निघायचं, हडपसर लवकर पार करायचं, पाऊणे सहाला बांधावर. आधी कडेने चालत शेताचे कोपरे रिमोटमध्ये नोंदवायचे, झाड, खांब, तार वेगळी दाखवायची. पुढचा रडार झाड बघतो पण बारीक तार बघत नाही, ती आपल्या डोळ्यानेच बघायची. मग तो आपोआप पट्टे मारतो, पिकाच्या वर दोन-अडीच मीटर, औषध संपलं की परत येतो आणि पुन्हा भरला की जिथं थांबला तिथूनच सुरू. हे बघायला भारी वाटतं, पण पायलटचं खरं लक्ष बॅटरीवर असतं. भरल्या टाकीत एक जोडी सात-आठ मिनिटं टिकते, खाली आल्यावर हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम, आणि गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली की ती फुगते. फुगलेली बॅटरी म्हणजे काही हजार पाण्यात आणि वर आगीची भीती. म्हणून पाच जोड्या, एक जनरेटर आणि ओल्या पोत्याच्या सावलीत बॅटऱ्यांची रांग. आमचा पोरगा त्यांना 'बाळंतिणी' म्हणतो, उन्हात न्यायचं नाही, गार होऊ द्यायचं, मग खायला द्यायचं.

आणि साडेनऊ-दहा वाजले की वारा. आषाढात तर सकाळपासूनच असतो, भाद्रपदात जरा निवतो. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा गेला की थांबायचं असं ठरलेलं आहे. पण शेतकऱ्याने पाणी आणून ठेवलंय, औषध फोडलंय, आणि तुम्ही म्हणताय उद्या येतो, हे त्याच्या तोंडावर सांगायला छाती लागते.

ती माझ्याकडे नव्हती, म्हणून ते झालं. ऊस होता, लागणीचा, वेलवर्गीय तण चढलं होतं. मालक म्हणाले टू फोर डी मारून द्या. तणनाशक ड्रोनने नको, असं क्लासमध्ये स्पष्ट सांगितलेलं. दहा वाजून गेलेले. पण त्या आधी दोन दिवस पावसाने काम नव्हतं, गाडीचा हप्ता होता, आणि मालक अण्णा माणूस चांगला, सकाळी घरी नेऊन पोहे खायला घातलेले. मी बांधावर चिंधी बांधलेली काठी रोवतो वारा बघायला, ती पूर्वेला हलत होती, मला दिसत होती. म्हटलं चार पट्टे तर आहेत, खालून नेऊ.

चौथ्या दिवशी फोन आला. पूर्वेला रस्त्यापलीकडे टोमॅटो होता, साठ-सत्तर मीटरवर. मी गेलो तर पहिल्या पाच-सहा ओळींचे शेंडे पिळल्यासारखे वळलेले, पानं आक्रसून चिंचोळी झालेली, उंदराच्या शेपटीसारखी. टू फोर डी उसाला काही करत नाही आणि टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना वाऱ्यावरून वास लागला तरी वाकडं करतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. टोमॅटोवाली बाई, नवरा मुंबईला, एकटी शेत बघणारी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकलेले, तुम्हाला वारा दिसला नाही का?" मला त्या क्लासमधल्या ताई आठवल्या.

अण्णा मध्ये पडले, पंचांसारखे चौघं बसले, ओळी मोजल्या, अठरा हजार ठरले. इन्शुरन्स होता पण मी क्लेम केलाच नाही, तणनाशक मारलं हे कुठल्या तोंडाने लिहून देणार. दोन हप्त्यांत दिले. घरी सांगितलं नाही, बायकोला पासबुकवरून कळलं.

तेव्हापासून माझे नियम कडक झाले आणि गिऱ्हाईकं थोडी कमी. तणनाशक नाही. काठीची चिंधी सरळ व्हायला लागली की पेटी बंद, मग अर्धा एकर राहिला तरी. वाऱ्याच्या खालच्या बाजूला कोणाचं काय आहे, मधमाश्यांच्या पेट्या आहेत का, वैरण आहे का, हे आधी चालत जाऊन बघायचं आणि शेजाऱ्याला सांगून यायचं. यात वीस मिनिटं जातात आणि मालक चिडतात, "तुम्ही फवारणीला आलाय का आमंत्रणं द्यायला?" म्हणतात.

बिबट्याचं राहिलंच. शिरूर-जुन्नरच्या बाजूला ऊस पुरुषभर झाला की मजूर आत जायला तयार नसतात, त्यामुळे तिकडून फोन जास्त येतात. एका ठिकाणी अर्धा गाव बांधावर जमलं, मला वाटलं ड्रोन बघायला आलेत. ड्रोन वर गेल्यावर सरपंच हळूच म्हणाले, "साहेब, औषध जाऊ द्या, आत आहे का तेवढं बघा." मी सांगितलं की पुढचा कॅमेरा नुसता अडथळा बघायला असतो, त्यात मांजर आणि बिबट्या सारखेच. कोणाला पटलं नाही. पूर्ण दोन एकर मी पट्टे मारले आणि मागे पंधरा माणसं स्क्रीनवर वाकलेली, प्रत्येक सुकलेल्या पाचटाला "तो बघा तो बघा". निघालं एक डुक्कर. पण कामाचे पैसे जागेवर मिळाले, असं पहिल्यांदाच झालं.

पैशाचं विचारतात सगळे. शेतकऱ्याकडून एकरी पाचशे-सहाशे, त्यातले मला दीडशे, बाकी कंपनीचे, डिझेल-बॅटरी त्यांची. चांगल्या दिवशी पंधरा-वीस एकर होतात, पावसाच्या आठवड्यात शून्य. स्वतःचा ड्रोन घ्यायचा का हा प्रश्न घरात दर रविवारी निघतो आणि तसाच झाकून ठेवतो आम्ही. बॅटऱ्यांचा खर्च कोणी धरत नाही हिशोबात, तीच सगळी मेख आहे.

गेल्या कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं आणि चार दिवसांनी माझं पहिलं शूट, मांजरीजवळच्या एका लॉनवर. कपाटातून तो २४९ ग्रॅमचा काढला तर हातात चिमणी धरल्यासारखं वाटलं. उडवायच्या आधी मी नकळत मंडपाच्या पताकांकडे बघितलं, पश्चिमेकडून हलक्या, चालतंय. वर नेला, मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडल्या, शॉट मिळाला. खाली उतरवताना मागून एक फेटेवाले काका आले, नवरीचे मामा निघाले, पाबळकडचे.

"ह्याच्यात औषधाची टाकी बसती का?"

म्हटलं, "ह्याच्यात नाही, दुसरा आहे, मोठा."

"कांदा आहे अडीच एकर, करपा पडलाय. एकरी कसं घेता?"

मी सांगितलं. पूर्वेला कोणाचं काय आहे ते पण विचारलं. ते जरा गोंधळले, म्हणाले भावाची द्राक्षं आहेत, का हो?

"बुरशीनाशक आहे ना, चालेल. सोमवारी सहाला येतो. वारा असला तर मंगळवारी."